न लावता उगवलेली भेदरं

वर्धा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणाल्या, म्हणून फक्त मजकूर देतो.

"आमचं तीन एकर काळं वावर आहे. गेल्या महिन्यात एक ट्रॅक्टरवाला आला. शहरातल्या सांडपाणी प्रकल्पाचा गाळ आहे, एक नंबर सेंद्रिय खत आहे, पैसे नकोत म्हणाला. मामाजींनी (सासऱ्यांनी) एका एकरात 11 ट्रॉल्या टाकून घेतल्या. दोनदा ओलीत केलं तर आठ दिवसांत भेदऱ्याची (टोमॅटोची) रोपं उगवली. आम्ही बी टाकलंच नव्हतं. घरचे खूश आहेत, जमीन फळली म्हणतात. पण वास जात नाही. ढेकळांत केस, गोळ्यांची पाकिटं, प्लास्टिक दिसते. माझ्या आणि सोबतच्या दोन बायांच्या पायांना खाज सुटली आहे. त्या एकरात पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) लावून बाजारात न्यायचा बेत आहे. विहीर त्याच धुऱ्यावर (बांधावर) आहे. नणंद बाळंतपणाला आलेली आहे, बाळ तीन महिन्यांचं, पावडरचं दूध सुरू आहे. मी बोलले तर मामाजी म्हणतात, आपले आजे-पणजे सोनखत (मैल्याचं खत) घालतच होते. आणखी 20 ट्रॉल्या यायच्या आहेत. काय करू? आणि ती भेदरं घरी वापरली तर चालतील का?"

ताई, आधी बाळाचं बोलू, बाकीचं थांबू शकतं.

बाळाचं दूध त्या विहिरीच्या पाण्यात कालवणं आजपासून बंद करा. उकळलेल्या पाण्यातसुद्धा नको. गाळात नत्र भरपूर असतं, ते मातीत कुजून नायट्रेट होतं आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, त्याच्या वर गेलं की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. ओठ, नखं निळसर पडतात. उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट जागच्या जागी राहतं. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. महिनाभरात ते तुमच्या विहिरीत पोचलंच असेल असं मी म्हणत नाही. पण वर्धा जिल्ह्याच्या भूजलात नायट्रेट आधीच जास्त आढळलं आहे, त्यात ही भर नको. गावच्या जलसुरक्षकाला सांगून विहिरीचा नमुना जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत पाठवा. 'नायट्रेट आणि जंतू दोन्ही तपासा' असं स्पष्ट सांगा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की काम झालं असं कोणी म्हणेल. पावडर जंतूंसाठी आहे, नायट्रेटवर तिचा काही उपयोग नाही. अहवाल येईपर्यंत बाळाचं पाणी दुसऱ्या, तपासलेल्या जागेवरून आणा. ओठ निळे दिसले तर घरी उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

आता त्या भेदऱ्यांचं. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि घरात सगळ्यांना तिचाच आनंद झाला आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

टोमॅटोचं बी माणसाच्या पोटात पचत नाही. शहरात कुणीतरी कोशिंबीर खाल्ली, बी संडासातून गटारात गेलं, गटारातून प्रकल्पात, प्रकल्पातून गाळात आणि गाळातून ट्रॉलीत बसून तुमच्या वावरात आलं. एवढ्या प्रवासातही ते जिवंत राहिलं. गाळाचं नीट कंपोस्ट करतात तेव्हा ढिगाचं तापमान 55 अंशांच्या वर कित्येक दिवस टिकवावं लागतं. ढीग पुन्हा पुन्हा उलटवावा लागतो, म्हणजे बाहेरचा गाळही आतल्या उष्णतेत येतो. एवढ्या उष्णतेत टोमॅटोचं बी मरतं. कंपोस्ट नीट तापलं की नाही हे पाहायला युरोपात टोमॅटोचंच बी वापरतात. तुमच्या वावरात ते ढेकळाढेकळाला उगवलंय, म्हणजे हा गाळ कुणी तापवलाच नाही. आणि त्या बियांबरोबर गटारातून आलेले जंत आणि त्यांची अंडीही मग जिवंत आहेत असंच धरून चाला. गोल जंताचं अंडं मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतं.

पत्ताकोबीतली अळी डोक्यात जाते, असं आपल्याकडे आया पोरांना सांगतात. त्यात अर्धं खरं आहे. डोक्यात जाते ती कोबीची हिरवी अळी नव्हे. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती कच्च्या पाल्याला चिकटून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर त्यांच्या गाठी मेंदूत होऊ शकतात आणि फिट येऊ शकते. मैल्याच्या गाळात वाढलेला पालक कुणी शिजवून तरी खाईल. सांभार मात्र पोह्यांवर कच्चाच पडतो. तुमच्या जुड्या बाजारातून कुणाच्या घरी जातील हे तुम्हाला कळणारही नाही. म्हणून त्या एकरात या वर्षी पालक, मेथी, सांभार काही लावू नका. मुळा, गाजर, कांदा, भुईमूग ही जमिनीतली पिकं तर मुळीच नकोत. अमेरिकेत या गाळाचे नियम 1993 साली झाले. अर्धवट प्रक्रिया केलेला गाळ टाकला, तर मातीला टेकणारी भाजी पुढचे 14 महिने काढता येत नाही, असं त्यांत आहे. जमिनीच्या आत वाढणाऱ्या पिकांना मुदत 20 ते 38 महिन्यांची आहे. तुमच्या ट्रॉलीतला माल त्या अर्धवट दर्जाचा तरी होता का, हेही तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

त्या एकरात पऱ्हाटी (कपाशी) लावा. मध्ये तुरीचं तास घेतलं तरी चालेल, शेंग मातीपासून उंच असते आणि डाळ शिजवूनच खातात. ढोरं त्या वावरात सोडू नका. महिनाभर तरी नाहीच, आणि पाऊस पडून गवत आलं तरी पहिलं गवत कापूनही घालू नका. चरताना जनावराच्या पोटात गवताबरोबर मातीही जाते.

तुमच्या पायांच्या खाजेबद्दल मला काळजी वाटते. आकडीकृमीच्या बारीक अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात. शिरतात तिथे, बहुतेक वेळा बोटांच्या बेचक्यात, खाज येते. पुढे त्या आतड्यात जाऊन रक्त पितात. आमच्या वावराच्या खालच्या अंगाला नाला आहे. तिथे काही वर्षांपूर्वी संडासाच्या टाक्या उपसणारा एक टँकर रात्री रिकामा व्हायचा. आई त्याच पट्ट्यात निंदायची. चिखल्या झाल्या म्हणून आम्ही तिच्या पायांना हळद-तेल लावत राहिलो. दिवाळीत ती दोन पायऱ्या चढून धापा टाकायला लागली, तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात होतं. जंताच्या गोळीनं आणि लोहाच्या गोळ्यांनी ती बरी झाली. पण ते चार महिने आम्ही तिला 'वय झालं' म्हणत होतो, याची टोचणी अजून आहे. तुमची खाज साध्या खरुजेची किंवा गाळातल्या कशाची तरी ॲलर्जी असू शकते. तरी तुम्ही आणि त्या दोघी बाया, तिघी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. 'मैल्याच्या गाळात अनवाणी काम केलं' हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारणार नाहीत. हिमोग्लोबिन तपासून घ्या. कुणाला दिवस गेले असतील तर तेही सांगा, गोळी त्याप्रमाणे देतात. त्या दोघींचा खर्च तुमच्या घरानं करावा. वावर तुमचं होतं आणि पाय त्यांचे.

मामाजींचं सोनखताचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांचं चुकत नाही. तुमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला गांधीजींनी चर खणून मैला मातीआड करायला आणि त्याचं खत करायला लोकांना लावलं. ती विद्या खरी होती. पण त्या चरात माणसाच्या पोटातलं तेवढं जायचं, त्यावर माती पडायची आणि ते महिनोन्महिने कुजायचं. आजच्या शहराच्या गटारात संडासाबरोबर गॅरेजचं ऑइल जातं, दागिने चकाकवणाऱ्याचं आणि मुलामा देणाऱ्याचं पाणी जातं, दवाखान्यातलं धुवण, धुण्याची पावडर, उरलेली औषधं जातात. शुद्धीकरण प्रकल्पाचं काम पाणी स्वच्छ करायचं. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कुठल्याही प्रकल्पात पाण्यातून जे काढलं ते हवेत विरत नाही, त्यातलं बरंचसं गाळात साचतं. प्रकल्प जितका चांगला, तितका गाळात ऐवज जास्त.

त्या ऐवजात शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल असतं. जंत आज ना उद्या मरतात, धातू मरत नाहीत. कॅडमियम भाजीच्या पानात सहज चढतं आणि खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं मुक्काम करतं. जपानमध्ये जिन्झू नदीच्या काठी खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं. ते खाऊन बायांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या आजाराचं नावच 'दुखतं-दुखतं' अशा अर्थाचं पडलं. तिथे कारण खाण होती, गाळ नव्हता. पण कॅडमियम तेच. घाबरवायला सांगत नाही. तुमच्या काळ्या मातीत चुनखडी आणि चिकणमाती आहे, ती धातूंना धरून ठेवते. 11 ट्रॉल्यांनी जमीन नासली असं मी म्हणणार नाही. दर वर्षी 11 पडल्या तर दहा वर्षांनी काय होईल, हा प्रश्न आहे, कारण टाकलेला धातू परत उचलता येत नाही. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या वाचकांनी हे जास्त मनावर घ्यावं. तिकडची माती अनेक ठिकाणी आम्लधर्मी आहे, ती धातू सोडते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्यांनीही गाळापासून लांब राहावं. गाळात क्षार असतात, आणि क्षाराच्या मातीत कॅडमियम पिकात अधिक चढतं.

मातीचं आरोग्य तपासलंय, पत्रिका आहे, असं घरचे म्हणतील. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. कॅडमियम नाही, शिसं नाही, क्रोमियम नाही. गाळ टाकलेल्या वावराची पत्रिका उलट जास्त चांगली दिसेल. म्हणून सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन 'जड धातू तपासायचे आहेत' असं वेगळं सांगा. नमुना अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पाठवता येईल का, तेही विचारा. दोन नमुने न्या, एक गाळाच्या एकरातला आणि एक बाकीच्या दोन एकरातला. तुलना असल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. प्रत्येकाला आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती लाकडी खुरप्यानं काढा. लोखंडाचं गंजकं अवजार नको.

आता राहिल्या 20 ट्रॉल्या. इथे मामाजींसमोर पाटी घेऊन हिशेब मांडा, कास्तकाराला हिशेब पटतो. ट्रॉलीत तीन टन ओला गाळ धरा. प्रकल्पातून निघालेल्या ओल्या गाळात शंभरात ऐंशी भाग पाणीच असतं. उरला 600 किलो. त्यात तीन टक्के नत्र धरलं तर 18 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साडेवीस किलोच्या वर नत्र असतं आणि ती 266 रुपये 50 पैशांना मिळते. म्हणजे अख्खी ट्रॉली एका गोणीचीही बरोबरी करत नाही. त्यातही गाळातलं नत्र पहिल्या वर्षी पिकाला पाव ते एक तृतीयांशच मिळतं. 11 ट्रॉल्यांचं या हंगामाचं नत्र युरियाच्या तीन गोण्यांएवढं झालं. स्फुरद आणि कर्ब बऱ्यापैकी मिळतं, हे खरं आहे, आणि आपल्या जमिनी कर्बासाठी भुकेल्या आहेत हेही खरं. पण पालाश जवळजवळ नसतं, ते पाण्याबरोबर आधीच निघून गेलेलं असतं. आठशे रुपयांच्या युरियासाठी शहराचा मैला, तोही कागदाशिवाय, घ्यायचा का, एवढंच विचारा.

कागदाशिवाय, हा शब्द मुद्दाम लिहिला. ट्रॅक्टरवाल्याला तीन गोष्टी लेखी मागा. गाळ नेमका कोणत्या प्रकल्पाचा, त्यावर काय प्रक्रिया झाली, आणि त्यातल्या धातूंचा प्रयोगशाळेचा अहवाल. आपल्याकडे शहरी कंपोस्टला मर्यादा ठरलेल्या आहेत. किलोला कॅडमियम 5 मिलिग्रॅम, शिसं 100, क्रोमियम 50, निकेल 50, आर्सेनिक 10, पारा 0.15, तांबं 300, जस्त 1000. अहवाल आला तर या आकड्यांशी ताडून बघा. आणि एक गोष्ट कानात बोलून ठेवतो. गावोगावी 'प्रकल्पाचा गाळ' म्हणून कधी कधी कारखान्याचा गाळही खपवला जातो. रासायनिक सांडपाण्यातून निघणारा गाळ 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, त्याची जागा ठरलेली विल्हेवाट केंद्रं. तो वावरात टाकणं बेकायदा आहे. घरगुती सांडपाण्याचा गाळ काळपट, तंतुमय आणि मैल्याच्या वासाचा असतो. हिरवा, निळा, लालसर रंग किंवा रसायनाचा झोंबणारा वास आला तर ट्रॉली धुऱ्यावरूनच परत पाठवा, गाडीच्या नंबरसकट फोटो काढा.

अहवाल चांगला आला तरी मी होकार देणार नाही, कारण काही गोष्टी त्या अहवालात बघतच नाहीत. न चिकटणाऱ्या तव्यावर, पाणी न धरणाऱ्या कापडावर जी रसायनं असतात, ती कुजत नाहीत, विरत नाहीत. ती गटारातून गाळात येतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात वर्षानुवर्षं सरकारी परवानगीनं गाळ टाकलेल्या शेतांवरच्या गायींच्या दुधात ती सापडली. मेननं 2022 साली शेतात गाळ टाकायला पूर्ण बंदी केली. त्या शेतकऱ्यांकडे सगळे कागद होते. स्वित्झर्लंडनं तर त्याआधीच, 2006 पर्यंत, हा प्रकार बंद करून गाळ जाळायला घेतला. ज्यांची प्रयोगशाळा दारात आहे ते हात आखडता घेतायत, हे मामाजींना सांगा.

पडलेल्या गाळाचं काय करायचं? तुमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिला वळवाचा पाऊस आला की गाळ त्या भेगांतून सरळ खाली जाईल, मातीतून गाळून निघायला वेळच मिळणार नाही. आता ओलीत बंद करा. ट्रॅक्टर लावून ढेकळं फोडून गाळ पातळ पसरवा आणि मे महिन्याचं ऊन लागू द्या, आपल्याकडच्या 45 अंशांत बरेच जंतू वाळून मरतात. चालवणाऱ्यानं तोंडाला दुपट्टा बांधावा, धूळ पोटात जायला नको. मृगाच्या आधी वखराच्या दोन पाळ्या द्या, म्हणजे भेगाही बुजतील. विहिरीच्या बाजूनं पंधरा-वीस फूट पट्टा खरवडून गाळ वावराच्या दुसऱ्या टोकाला न्या आणि मध्ये मातीचा वरंबा घाला. त्या एकराला या वर्षी युरिया देऊ नका. पऱ्हाटी हिरवीगार होऊन नुसती वाढेल, किडी येतील आणि उरलेलं नत्र पुन्हा विहिरीकडेच जाईल. बूट घातल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही, लहान लेकरं तर नाहीच.

कर्ब हवाच असेल तर पऱ्हाटीच्या फणकट्या जाळू नका. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी, आपल्या नाडेपकाकांनी, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचं टाकं सांगितलं होतं. शेण थोडं, काडीकचरा आणि माती जास्त. तीन-चार महिन्यांत जे निघतं त्यात काय काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं, कारण तुम्हीच ते टाकलेलं असतं. मामाजींना सोनखतच करायचं असेल तर घरच्या संडासाला दोन खड्डे करा. एक भरला की बंद करून दीड-दोन वर्षं हात लावायचा नाही. मग निघतं ती भुरभुरीत, बिनवासाची माती. त्यांच्या आज्यांचं सोनखत ते.

त्यांना हे सगळं एका बैठकीत सांगू नका. आधी बाळाच्या पाण्याचं सांगा, नातवंडासाठी ते थांबतील. मग हिशेब. बाजूच्या चार वावरांतही तोच ट्रॅक्टर गेला असेल, तर त्या घरच्या बायांशी बोला आणि ग्रामसभेत विषय लेखी द्या. ठरावाची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाला स्पीड पोस्टानं पाठवा. एकट्या सुनेचं बोलणं घरातच मिटवलं जातं, ग्रामसभेचा ठराव मिटवता येत नाही.

भेदरं घरी वापरू नका, तोडून बाजारातही नेऊ नका. पण आज लगेच उपटूही नका. मामाजींना एकदा वावरात नेऊन एक रोप मुळासकट ढेकळातून काढून दाखवा, त्या ढेकळातलं गोळ्यांचं पाकीट दाखवा, आणि बी कुठून आलं ते त्यांनाच विचारा. मग हातमोजे घालून, फुलं धरायच्या आत, सगळी रोपं उपटा आणि त्याच वावराच्या विहिरीपासून लांबच्या टोकाला गाडा. मातीचा आणि पाण्याचा अहवाल आला की मला पाठवा, वाट बघतो.